बसरावाला बाबा

"मॅडम, तुमचं कोणी आहे का इथं?" खडकीच्या वॉर सेमेटरीच्या फाटकाशी बसलेल्या माणसानं विचारलं, आणि मी "नाही, अशीच आलेय" म्हणून आत शिरले. त्यानं काही वाकड्यात विचारलं नव्हतं. अधूनमधून परदेशातून म्हातारी माणसं येतात, हातात कागद असतो, कोणाचा काका, कोणाचा आजा शोधत रांगांमधून फिरतात, म्हणून विचारलं, एवढंच. पण स्मशानात कोणी असंच जातं का, हे दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. आमच्या खानदेशात बायका स्मशानात जात नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मी ओट्याच्या पायरीपर्यंत गेले. गल्लीच्या वळणावर मडकं धरलेला भाऊ दिसेनासा झाला, तिथं माझं जाणं संपलं. बोरी नदीच्या काठावरच्या त्या जागेवर मी आजवर पाय ठेवलेला नाही. आणि पुण्यात मात्र सोळाशेच्या वर परक्या माणसांच्या मधून, पायात चपला घालून, दुपारभर हिंडत होते.

होळकर पुलाजवळची ती जागा. बाहेर मुळा रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट, वारा फिरला की नदीचा उग्र वास, आणि आत पाऊल टाकलं की नुकत्या कातरलेल्या ओल्या गवताचा. दगडांच्या सरळ रांगा. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी इथं आहेत, आणि ती सगळी मुळात इथली नव्हेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जिथं जिथं कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, तिथून माणसं उकरून इथं आणली. पहिल्या महायुद्धातले शिवडीच्या दफनभूमीतले ६२९ जण तर जून १९६२ मध्ये इथं आले. सरकारी नोकरीत मेल्यावरही बदली चुकत नाही, असं मनात आलं आणि लगेच स्वतःचा राग आला. कारण समोरच्या दगडावर वय होतं २०. पुढच्यावर २२. थोड्या वेळानं मी वयं वाचणं सोडून दिलं, नुसती नावं वाचत गेले, मग तीही नाही. पुणं काही रणांगण नव्हतं. तेव्हा यातले कितीतरी तापानं, अपघातानं, इस्पितळातल्या खाटेवर गेले असणार. उन्हाळ्याची दुपार, पंख्याची करकर आणि कानावर पडणारी परकी भाषा. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसाची कल्पना करायची खोड मला आहे, ती चांगली नाही.

या स्मशानांचे नियम ठरले ते पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये त्यासाठी ब्रिटिश साम्राज्याचं स्वतंत्र कमिशन नेमलं गेलं. साहेब असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. धर्म, हुद्दा, पैसा यांवरून भेद नाही. प्रेत कोणीही घरी न्यायचं नाही, अगदी लॉर्डाच्या मुलाचंही. घरच्यांना दगडाच्या तळाशी एक ओळ कोरून घेता येई, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. पहिल्या युद्धानंतर त्या ओळीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारत. पुढे ते ऐच्छिक झालं. कोणी आई कागदावर वाक्य लिहून बोटांवर अक्षरं मोजत बसली असेल, एक विशेषण खोडून टाकलं असेल. आणि ज्यांची ओळखच पटली नाही त्यांच्या दगडावर, हा फक्त देवाला ठाऊक, अशा अर्थाची ओळ. ती इंग्रज लेखक किपलिंगची. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत हरवला होता.

हे सगळं वाचून मी भारावले होते, हे कबूल करते. मग आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं नाही तर खानदेशी बाईला वर्षभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं आमचं गाव त्या दिवसांत तव्यावर ठेवल्यासारखं असतं. तरी निंबाला झोका असतो, पोरींच्या तोंडी गौराईची गाणी असतात, पारावर पुरुष उघडउघड पत्ते कुटत असतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. पुरणाचा घाट, खापरावरच्या पोळ्या, आमरस हे सगळं दुपारचं. सकाळ पितरांची. मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर छोटं मडकं, डांगर, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. आणि त्याआधी उंबरा पुजायचा. आमची मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, उंबऱ्याशी बसते, ओल्या कुंकवात बोट बुडवते आणि घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत उंबऱ्यावर एकेक बोट ओढते. आता तिला खाली बसायला त्रास होतो, एक पाय पसरूनच बसते. पण बोट थरथरत नाही. आजेसासऱ्यापासून सुरुवात, मग सासरे, चुलत सासरे, नवरा, माझे वडील. वडिलांच्या नावाशी ती माझ्याकडे बघत नाही, मीही तिच्याकडे बघत नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी, जरा बाजूला सरकून, एक बोट.

"आनि हाई बसरावाला बाबानं."

लहानपणापासून हे मी ऐकत आलेय. आमच्यासाठी ते एक नावच होतं. त्या वर्षी मात्र माझ्या भावाचा धाकटा, नाशिकला शिकणारा, तिच्याजवळ उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं, "आजी, पण त्यांचं नाव काय?" मोठी माय थांबली. "माले काय माहीत भाऊ. मन्ही सासू बी बसरावाला बाबाच म्हने." पोरगं म्हणालं, नाव नाही तर बोट कोणाचं काढतेस? ती त्याच्यावर डाफरलीच. "नाव माहीत नही म्हनीसन त्याले उपाशी ठेवसू का?" आणि कुंकवाची वाटी उचलून चुलीकडे गेली, आगारी टाकायला. निखाऱ्यावर तुपाचा घास पडल्यावर जो धूर उठतो तो ओसरीभर पसरला, आणि मला एकदम खडकीच्या फाटकावरचा माणूस आठवला.

घरात त्याच्याबद्दल जे शिल्लक आहे ते फार थोडं. माझ्या पणज्याचा धाकटा भाऊ. छपन्याच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळात लेकरू होता आणि वाचला. दुसऱ्याच्या घरी सालदार म्हणून राबायचा. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं आखाजीलाच ठरतं. अशाच एका आखाजीला त्यानं पुढचं साल धरलं नाही, भरतीवाल्याबरोबर गेला. शिपायाला तेव्हा महिन्याला ११ रुपये पगार होता, तोही रोकडा. पण तो शिपाईच होता कशावरून? लष्कर म्हटलं की कोकण, सातारा. आमचा मुलूख कपाशीचा, त्यात नांगर धरणारा माणूस बंदूक धरायला नेला की खेचरं हाकायला, पखाली भरायला की जखमींच्या डोल्या उचलायला, कोण सांगणार? पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेत अशीही माणसं हजारोंनी नेली होती. तिथल्या बसरा बंदराला गेला एवढंच घराला ठाऊक. एक-दोन मनीऑर्डरी आल्या म्हणतात. लग्न झालेलं नव्हतं, मागे कोणी नाही, म्हणून तो आमच्या उंबऱ्यावर आला.

आणि एक थाळी होती. ही गोष्ट मोठी मायनं त्याच दुपारी, पोळ्या लाटता लाटता, काही विशेष सांगत नसल्यासारखी सांगितली. ती लग्न होऊन आली तेव्हा देवघराच्या कोनाड्यात एक जड गोल पितळी थाळी उभी असायची, तळहातावर मावेल एवढी. सासू तिला रोज कुंकू लावी. "त्यावर बाई व्हती. एक हातमा तिरशूल, जोडे वाघ. मंग देवीच ना ती?" बहात्तरच्या दुष्काळात घरातली भांडी मोडीत गेली, तेव्हा तीही गेली. पिठाचा हात तसाच ठेवून मी फोनवर शोधलं आणि चित्र तिच्यासमोर धरलं. तिनं चष्मा लावला नाही, लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, हीच.

ती देवी म्हणजे ब्रिटानिया, बाईच्या रूपातलं ब्रिटनचं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारनं पाठवलेलं स्मृतिपदक, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचं, ब्राँझचं. त्रिशूळ हातात धरलेली बाई, पुढे सिंह, आणि कडेनं इंग्रजीत लिहिलेलं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. पारतंत्र्यातल्या गड्याच्या घरी स्वातंत्र्याचा हा दाखला आला, यावर हसावं की काय ते मला कळेना. पण माझं मन अडकलं ते दुसरीकडेच. त्या पदकावर एका चौकटीत मेलेल्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. हुद्दा नाही, मरणात सगळे सारखे म्हणून नुसतं नाव. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं बाबाचं नाव आमच्या देवघरात होतं. दोन पिढ्यांच्या सासवांनी त्यावर कुंकू लावलं. अक्षरं कुंकवानं बुजली असतील, पुन्हा आखाजीला चिंचेनं घासून लख्ख झाली असतील. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. मग तांबट आला आणि त्यानं तागडीत टाकून वजन केलं.

खडकीचा भारावलेपणा त्यानंतर उतरत गेला. बाबा बसऱ्याकडे मेला असेल तर त्याची आठवण कुठं कोरली आहे ते मी शोधत गेले. मेसोपोटेमियाची ती मोहीम नोव्हेंबर १९१४ मध्ये सुरू झाली, अबादानच्या तेलाची राखण हे त्यातलं एक मोठं कारण. पुढे बगदादच्या लोभानं फौज वर सरकली आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथं कोंडली गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात, म्हणून हिंदुस्थानातून धर्मपंडितांची संमती तारेनं मागवली, तरी अनेकांनी शेवटपर्यंत ताटाला हात लावला नाही. मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढले, दात हलले, हिरड्या सुजल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले. पंचांगाचा हिशेब मांडला तर त्या वर्षीची आखाजी त्यानंतर आठवडाभरात आली. बाबा त्या वेढ्यात होता याला काही पुरावा नाही. पण आखाजीच्या दिवशी आमच्याकडे जी ताटं वाढली जातात त्यांच्याकडे बघताना मला ते जवाचं पीठ आठवतं, त्याला मी काय करणार?

बसऱ्याचं स्मारक २७ मार्च १९२९ ला उघडलं. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी ते आहे आणि त्यातले बहुतेक हिंदी. गोऱ्या फौजेतल्या साध्या सोल्जरचंही नाव तिथं भिंतीवर आहे. हिंदी पलटणींच्या रकान्यात मात्र अधिकाऱ्यांची नावं आणि त्याखाली, आणि इतर इतके हिंदी शिपाई. आकडा. नावं कमिशनच्या वह्यांत होती, भिंतीवर चढली नाहीत. एक माणूस, एक दगड, भेदभाव नाही हा जो नियम खडकीत वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तो इराकात आला की मोडला होता. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी करून हे मान्य केलं, माफी मागितली. निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानं आठवण ठेवलीच नाही, किंवा मुळी ठेवलीच नाही, असं त्या अहवालात आहे. बसऱ्याचं स्मारकही जागेवर नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते गोदीतून उचलून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत नेऊन ठेवलं.

थडगं नसण्याचं मला तसं काही वाटत नाही. आपल्याकडे उरवायचंच नसतं. नागालँडमधल्या कोहिमाला ज्या टेकडीवर १९४४ मध्ये डेप्युटी कमिशनरच्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंनी इंग्रज आणि जपानी फौजांकडून हातबाँब फेकले गेले, तिथं आज १,४२० थडगी आहेत, आणि हिंदू-शीख मिळून ९१७ जण जे जाळले गेले त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. जाळल्याला दगड नसतो, हे बरोबरच आहे. भटजींच्या हिशेबात तर नावालाही मुदत असते. श्राद्धात बाप, आजा, पणजा, एवढ्यांचीच नावं. त्यापलीकडचा माणूस पितरांच्या गर्दीत मिसळला, त्याला नावानं हाक मारायची नाही. कमिशन कायमचं म्हणतं, आपण तीन पिढ्या म्हणतो, आणि मला आपलं जास्त पटतं. बाबाची मुदत केव्हाच संपलीय. तो अजून उंबऱ्यावर येतो तो बायकांमुळे, ज्यांनी भटजींना विचारलेलं नाही.

माझ्या चुलतभावाला यातलं काही पटलं नाही. त्याला फ्लेक्स लावायचा होता. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर. त्यानं डिझाइन मोबाइलवर पाठवलं. वर तिरंगा, मागे लढाऊ विमानं, मधे हिरव्या ठिपक्यांच्या गणवेशातला, काळा चष्मा घातलेला, हातात आजकालची रायफल असलेला कोणी जवान आणि खाली, "आपल्या गावचे पहिले शहीद वीर जवान". नावाची जागा रिकामी. तिथं काय टाकू ताई, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला लिहिलं की अरे, तो इंग्रजांच्या राजासाठी मेला, तेव्हा हा झेंडाही नव्हता. तो म्हणाला, मेला तर खरा ना, पोटासाठी गेला तर काय झालं, आजची पोरं कशासाठी जातात? याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या भागातली पोरं पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरची तयारी करत धावतात, पावसानं दगा दिला की त्या वर्षी जास्त धावतात.

शेजारच्या गावात मध्यंतरी एका जवानाचा अंत्यविधी झाला. कारगिलच्या युद्धापासून मृतदेह गावी आणायची रीत पडली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, फुलांनी मढवलेला ट्रक, चौकाचौकात फ्लेक्स, बंदुकीच्या फैरी, "अमर रहे". रस्त्यावर सडा-रांगोळी होती. मी तिथं लांबून उभी होते. त्या दिवशी बायकाही नदीपर्यंत गेल्या, कोणी अडवलं नाही. त्याची बायको विशीतली होती, कोणीतरी तिचा हात उचलून सलाम करायला लावत होतं, फोटोसाठी. तो हात खाली आला तेव्हा तिला तो कुठं ठेवायचा ते सुचत नव्हतं. नाव त्या माणसाचं राहील, शाळेच्या कमानीवर जाईल. ती कोण होती ते मी विचारलं, तर सगळ्यांनी सांगितलं की त्याची बायको.

फ्लेक्स शेवटी लागला नाही, कारण पैसे कोणी द्यायचे यावर बिनसलं. कमिशनच्या वेबसाइटवर मात्र मी बसले. काही हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं मिळतं, काहींत नुसता नंबर आणि पलटण. पण शोधायच्या चौकटीत पहिलीच जागा आडनावाची. मी गावाचं नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. जे हाती लागलं त्यातलं कोणीही बाबा असू शकतो आणि कोणीही नसू शकतो. चुलतभाऊ म्हणाला, त्यातला एक धरून टाकू. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या घरचा माणूस आपल्या उंबऱ्यावर कशाला आणायचा?

त्याऐवजी मी वही घेऊन मोठी मायपुढे बसले. ती गेल्यावर उंबऱ्यावर कोणाकोणाची बोटं काढायची ते लिहून ठेवायला हवं, असा माझा हेतू. तिनं क्रमानं नावं सांगितली, मी लिहून घेतली, सगळी पुरुषांची. मग मी विचारलं, यांच्या बायका? ती म्हणाली, त्या सगळ्यांचं मिळून एक बोट असतं, बाबाच्या अगोदर. हे मी इतकी वर्षं उंबऱ्याशी बसून कधी पाहिलंच नव्हतं. पुरुषांची नावं एकेक, आणि मग इतर. तिच्या सासूचं नाव तिनं सांगितलं. सासूच्या सासूचं, म्हणजे बाबाच्या भावजयीचं, जिनं ते पदक पहिल्यांदा कोनाड्यात ठेवलं असेल तिचं नाव विचारलं, तर मोठी माय बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. "सर्वा म्हतारीच म्हनेत तिले." जुन्या फेरफारात वारसाची नोंद असेल तर सापडेल. मी तहसीलला नकलेसाठी अर्ज केलाय. तिथला माणूस म्हणाला, मोडीत असेल, वाचणारा शोधा.

मी वही मिटणार तेवढ्यात मोठी मायनं माझं मनगट धरलं. डोळे बारीक करून वहीकडे पाहत म्हणाली, "मन्हं कोनतं नाव लिखशी, माहेरनं का सासरनं?"

मी दोन्ही लिहिली. माहेरचं मला त्या दिवशीच कळलं.